नऊ दिवसांत गुहा शिकता येते का?

प्रश्न : आमची मुलगी सव्वीस वर्षांची आहे. तारकर्लीला स्कूबा शिकली, मग नेत्राणी, अंदमान असे करत तिचे पन्नासेक डाइव्ह झाले. आता तिला मेक्सिकोत जाऊन पाण्याखालच्या गुहांत उतरायला शिकायचे आहे. तिथली एक शाळा पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत सगळे सलग नऊ दिवसांत शिकवून कार्ड देते. मुलगी म्हणते, एवढा खर्च करून जायचेच आहे तर एकाच खेपेत पुरे करून येते. एवढ्या दिवसांत हे कौशल्य अंगी येते का? आणखी एक शंका. माझे आजोबा कोलशेतच्या रेतीबंदरावर डुबी मारायचे. गढूळ खाडी, पाठीवर सिलिंडर नाही, डोळ्यांवर काच नाही. त्यांना कुणी कोर्स दिला नव्हता. मग गुहेत असे वेगळे काय असते की त्यासाठी एवढ्या पायऱ्या लागतात?
— एक वाचक, कोलशेत, ठाणे

उत्तर : नऊ दिवसांत तुमच्या मुलीला सगळे दाखवून होईल, तिच्याकडून एकदोनदा करवूनही घेता येईल. शिक्षक चांगला असेल तर शेवटच्या दिवशी ती ते नीट करूनही दाखवेल. तरी तिने हे शिक्षण एका खेपेत पुरे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याची कारणे जरा विस्ताराने सांगतो. तुमच्या दोन्ही शंका शेवटी एकाच ठिकाणी येऊन मिळतात, म्हणून आधी आजोबांबद्दल बोलू.

कल्याणकडून येणारे उल्हास नदीचे पाणी कोलशेत, काल्हेर, घोडबंदर असे वळसे घेत वसईच्या खाडीला मिळते. ह्या पट्ट्यात रेती काढण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालले. ड्रेजर आणि सक्शन पंप फार पुढे आले. सरकारच्या रेतीविषयक कागदांत हातपाटी आणि डुबी हे शब्द आजही आहेत. डुबी मारणारा माणूस बांबूच्या आधाराने तळाला जाई, काळोखात लोखंडी बादली रेतीने भरी आणि होडीतला जोडीदार ती दोराने वर ओढी. त्या पाण्यात डोळे उघडे काय आणि मिटलेले काय, सारखेच. रेती, चिखल, दगड, ओहोटीची ओढ हे सगळे हातापायांनाच कळायचे. हे कौशल्य खरे आहे. त्याची किंमत अनेकांच्या कानांनी मोजली, हेही खरे आहे. तुमच्या आजोबांना कोर्स मिळाला नाही, पण त्यांना काळ मिळाला. हंगामामागून हंगाम तेच पाणी, तोच बांबू, तीच बादली. ह्या काळाबद्दल पुढे बोलायचेच आहे.

मात्र आजोबांकडे गुहेतल्या पाणबुड्याला कधीच न मिळणारी एक गोष्ट होती. छाती भरून आली की बांबू धरून सरळ वर येता येत होते. खाडीचे छप्पर म्हणजे आकाश. तुमच्या मुलीने आजवर तारकर्लीला किंवा अंदमानला जे डाइव्ह केले तिथेही हेच. काहीही बिघडले तरी शांतपणे वर यायचे, हा त्या शिक्षणाचा पाया असतो. गुहेत डोक्यावर खडक असतो. आत तीनशे मीटर गेलेल्या माणसाला हवा तीनशे मीटर मागेच मिळते. घाबरलेल्या माणसाचे शरीर वर झेपावते आणि तिथे वर जाऊन काहीच मिळत नाही. म्हणजे खुल्या समुद्रात शिकलेली सर्वांत महत्त्वाची सवय गुहेत मोडावी लागते. नवी सवय लावण्यापेक्षा जुनी मोडायला वेळ जास्त लागतो.

आपल्याकडे हा प्रकार फारसा माहीत नसण्याचे कारण भूगोलात आहे. महाराष्ट्राचा बहुतेक भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या काळ्या खडकाचा आहे. हा बेसॉल्ट चुनखडीसारखा पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे पाण्याने कोरलेली लांबलचक भुयारे आपल्याकडे नाहीत. कान्हेरी काय किंवा भिवंडीजवळचे लोनाड काय, आपल्या गुहा माणसाने छिन्नीने घडवल्या. चुनखडीच्या गुहा पाहायच्या तर बस्तरला कुटुमसर गाठावे किंवा मेघालयात जावे. मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पात जमिनीखाली सगळी चुनखडीच आहे. तिथली साक आक्तुन ही पाण्याने भरलेली भुयारांची मालिका तीनशे किलोमीटरहून लांब आहे. हिमयुगात समुद्र शंभर मीटरहून अधिक खाली होता तेव्हा ही भुयारे कोरडी होती, म्हणून त्यांच्या छतांना चुन्याची झुंबरे लोंबताना दिसतात. मुलीला तिथे जावेसे वाटते ह्यात नवल नाही. पाणी इतके स्वच्छ असते की माणूस हवेत तरंगतो आहे असे वाटावे.

ह्या स्वच्छतेवर भुलू नये. गुहेच्या तळाला बारीक गाळ बसलेला असतो. फिनचा एक चुकीचा फटका बसला की तो उठतो आणि काही सेकंदांत कोलशेतच्या खाडीसारखा काळोख होतो. टॉर्चचा उजेड गाळावर आदळून परत येतो, हातातला दाबमापक डोळ्यांशी नेला तरी वाचता येत नाही. अशा वेळी बाहेरची वाट फक्त दोरीने सापडते. गुहेत शिरताना पाणबुडे बारीक नायलॉनची दोरी रीळातून सोडत जातात किंवा आधीच टाकलेल्या दोरीवरून जातात. तिच्यावर बाणाच्या आकाराच्या खुणा अडकवलेल्या असतात. बाणाचे टोक बाहेरची दिशा दाखवते आणि ते बोटांनी चाचपता येते. म्हणून काळोखात एका हाताचा अंगठा आणि तर्जनी मिळून दोरीभोवती कडे करायचे आणि ते कडे सुटू न देता बाहेर यायचे. इथे मात्र आजोबा आणि त्यांची पणती एकाच विद्येला येऊन भिडतात. वाट शेवटी हातांनाच ओळखावी लागते.

दुसरी गोष्ट हवेची. समजा सिलिंडरात २१० बार दाब आहे. त्यातला ७० बार आत जायला, ७० बाहेर यायला आणि उरलेला ७० जोडीदाराची हवा संपली तर त्याला आपल्या सिलिंडरवर जगवत बाहेर आणायला. तिसऱ्या हिश्शाचा हा नियम. नवशिक्याला तेवढेही देत नाहीत. पहिल्या पायऱ्यांवर सहावा हिस्सा वापरला की मागे फिरायचे, असा दंडक असतो. जोडीदाराला हवा देण्यासाठी सुमारे दोन मीटर लांब नळी असते, म्हणजे अरुंद जागेतून दोघांना एकामागे एक निघता येते. तिसरी गोष्ट उजेडाची. प्रत्येकाकडे तीन टॉर्च. चौथी तरंगण्याची. ना वर ना खाली, अंग आडवे आणि स्थिर, फिनचा फटका बेडकासारखा मागे व वरच्या बाजूला, म्हणजे गाळ हलत नाही.

वाचताना ह्यातले काहीच अवघड वाटत नाही, आणि एकेक करून पाहिले तर खरोखरच अवघड नाही. सगळे एकदम करावे लागते तिथे अडते. तरंगणे सांभाळायचे, दोरीवर नजर ठेवायची, दाबमापक पाहायचा, जोडीदाराचा उजेड दिसतो का बघायचे, आलेला फाटा लक्षात ठेवायचा. माणसाचे लक्ष एका वेळी एवढ्या ठिकाणी राहत नाही. यातली निम्मी कामे न विचार करता होऊ लागली तरच उरलेल्या निम्म्यांसाठी डोके मोकळे राहते. गायकाला गुरूसमोर बसून मिळते ती तालीम, आणि तिचे गाणे होते ते घरच्या रियाजात. पलटे इतके घोटलेले असावे लागतात की मैफलीत त्यांच्याकडे लक्ष द्यावे लागू नये. गुहेतल्या पाणबुड्याचे तरंगणे आणि फिन मारणे हे त्याचे पलटे आहेत. नऊ दिवसांच्या वर्गात तालीम भरपूर होते. रियाजाला दिवसच शिल्लक राहत नाहीत.

ह्या शिक्षणाच्या पायऱ्याही हाच विचार करून पडल्या. पहिली पायरी गुहेच्या तोंडाची. जिथवर दिवसाचा उजेड दिसतो तिथवरच. दुसऱ्या पायरीवर उजेडापलीकडे, पण एकाच मुख्य दोरीवर, फाट्यांना न शिवता. अमेरिकेतल्या जुन्या संस्थांनी त्यापुढे अप्रेंटिस नावाची पायरी ठेवली, आणि मग शेवटची, जिथे एका दोरीवरून दुसरीवर उडी घेणे, वळसा घालून येणे हे सगळे येते. प्रत्येक पायरीला दोनतीन दिवस लागतात. म्हणून त्या एकापुढे एक जोडल्या की आठ-नऊ दिवसांची बेरीज होते आणि पत्रकावर ती छान दिसते. पायऱ्या आखणाऱ्यांच्या मनात मात्र दोन पायऱ्यांमध्ये माणूस स्वतः पाण्यात उतरेल, त्याच मर्यादेत राहून हात बसवेल, हे गृहीत होते.

आता अंतर ठेवल्याने खरेच फरक पडतो का, हे पाहू. ह्यावर गेल्या शतकभरात पुष्कळ काम झाले आहे. मला त्यातला सर्वांत बोलका वाटतो तो ब्रिटनमधल्या टपाल कर्मचाऱ्यांचा प्रयोग. अ‍ॅलन बॅडली आणि लाँगमन ह्या संशोधकांनी तो १९७८ साली प्रसिद्ध केला. कर्मचाऱ्यांना टंकलेखन शिकवायचे होते. काहींना दिवसातून एकच तास शिकवले, काहींना दोन, काहींना दोन-दोन तासांच्या दोन बैठका मिळून चार तास. रोज एकच तास शिकणाऱ्यांना सर्वांत कमी तासांत टंकलेखन आले. चार तासवाल्यांना त्याच पातळीवर यायला कितीतरी जास्त तास घालवावे लागले. पण ह्या प्रयोगातली दुसरी गोष्ट मुलीला मुद्दाम वाचून दाखवा. सर्वांत चांगले शिकलेला गटच सर्वांत नाखूश होता. बाकीचे पुढे चालले आहेत आणि आपण रेंगाळतो आहोत, असे त्यांना वाटत होते. आपण किती शिकलो ह्याचा आपला स्वतःचा अंदाज फार फसवा असतो. सलग शिकणाऱ्याला शेवटच्या दिवशी आपण तयार झालो असे वाटते, कारण कालचे आज ताजे असते. महिन्याभराने काय उरेल ते त्या दिवशी कळत नाही.

हातांच्या नाजूक कामाबद्दल तर ह्याहून थेट पुरावा आहे. कॅनडातल्या टोरांटोमध्ये शिकाऊ सर्जनांना बारीक रक्तवाहिन्या जोडायला शिकवले. चार धडे. अर्ध्यांना चारही एका दिवसात, अर्ध्यांना आठवड्याला एक. २००६ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. शिकवणारे तेच, धडे तेच, एकूण वेळ तेवढाच. महिन्याने परीक्षा घेतली तेव्हा आठवड्याला एक धडा घेतलेले स्पष्टपणे सरस ठरले. गाळात दोरी शोधणारे हात आणि रक्तवाहिनी शिवणारे हात ह्यांचे काम वेगळे असले तरी घाईत थरथर दोघांनाही परवडत नाही.

असे का होते ह्याचा एक भाग झोपेत आहे. मॅथ्यू वॉकर ह्या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये बोटांच्या हालचालींचा एक ठरावीक क्रम लोकांना शिकवला. रात्रीची झोप झाल्यावर, मध्ये काहीही सराव न करता, त्यांचा वेग सुमारे वीस टक्क्यांनी वाढलेला आढळला. मेंदू दिवसा मिळालेले रात्री जागच्या जागी लावतो. कुणी म्हणेल, मग नऊ दिवसांत आठ रात्री आहेतच की. आहेत, पण त्या प्रत्येक रात्रीनंतर दुसऱ्या दिवशी नवे काम पुढ्यात येते आणि कालचे पक्के व्हायच्या आत त्याच्यावर दुसरे चढते. अंतर ठेवण्याचा दुसरा फायदा जरा उलटा आहे. मध्ये दिवस गेले की थोडेसे विसरायला होते, मग आठवायला कष्ट पडतात, आणि त्या कष्टानेच ते पक्के होते. सोपा जाणारा सराव मन सुखावतो, हाताला फारसे काही देत नाही.

अंतर म्हणजे सुट्टी मात्र नव्हे. सहा महिने कपाटात पडलेले कौशल्य गंजते, आणि आणीबाणीत करायच्या गोष्टी सर्वांत आधी गंजतात, कारण त्या रोजच्या वापरात नसतात. एकदा कार्ड मिळाले आणि मग दोन वर्षांनी पुन्हा गुहेत उतरलो, हे नऊ दिवसांच्या घाईइतकेच वाईट.

थाई मुलांच्या सुटकेची गोष्ट तुम्हाला आठवत असेल. २३ जून २०१८ रोजी चिआंग राय प्रांतातल्या थाम लुआंग गुहेत बारा मुले आणि त्यांचा फुटबॉलचा प्रशिक्षक अडकले. गुहेतले पाणी उपसण्यासाठी मदत करायला आपल्या किर्लोस्कर ब्रदर्सचे तज्ज्ञ तिथे गेले होते आणि सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीत विमानाने पाठवायला पंप सज्ज ठेवले होते, हे त्या वेळी मराठी वर्तमानपत्रांत अभिमानाने छापून आले. तो अभिमान रास्तच. पण तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने त्या घटनेचा दुसरा भाग महत्त्वाचा आहे. थायलंडच्या नौदलाचे कमांडो तिथे पहिल्यापासून होते. शरीराने कणखर, धाडसी, समुद्रात मुरलेले. गुहेचे शिक्षण मात्र त्यांना नव्हते. त्यांचा माजी सहकारी समन कुनन गुहेत सिलिंडर पोचवून परतताना ६ जुलैला पाण्यात मरण पावला. २ जुलैला मुलांपर्यंत पहिल्यांदा पोचले ते रिक स्टँटन आणि जॉन व्होलान्थन हे दोन ब्रिटिश. पहिला अग्निशमन दलातून निवृत्त झालेला, दुसरा संगणकाच्या क्षेत्रात काम करणारा. दोघांचेही पोट ह्या कामावर नव्हते. त्यांच्या गाठीला होती ती वर्षानुवर्षांची सवय : इंग्लंड-वेल्समधली थंडगार, गढूळ, जेमतेम अंग शिरेल अशी भुयारे, सुट्टीच्या दिवशी, पुन्हा पुन्हा.

मुले सापडण्याच्या आधी एक छोटी घटना घडली होती, आणि पुढचे सगळे नियोजन तिच्यामुळे बदलले. पंपाच्या कामावरचे चार थाई कामगार वाढलेल्या पाण्यामुळे आतल्या एका दालनात अडकले होते. बाहेर पडायला पाण्याखालचे अगदी थोडे अंतर होते. ह्या दोघा ब्रिटिशांनी त्यांना एकेक करून तोंडात रेग्युलेटर देऊन बाहेर काढले. तेवढ्या काही क्षणांच्या बुडीतही ती मोठी, धडधाकट माणसे घाबरून धडपडू लागली. मग लहान मुलांना अशा पाण्यातून तासन्‌तास शुद्धीवर ठेवून आणणे शक्य नाही, हे स्पष्ट झाले. मुलांना भुलीचे औषध देऊन बाहेर काढायचे ठरले आणि ते देण्याचे काम रिचर्ड हॅरिस ह्या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने केले. तो स्वतः भूलतज्ज्ञही होता आणि गुहेतला पाणबुडाही. आणि मग एवढी घाईची वेळ, पाऊस कधीही पुन्हा कोसळेल अशी स्थिती, तरी पाणबुड्यांनी आधी काय केले? स्थानिक मुलांना घेऊन एका शाळेच्या तरणतलावात तालीम केली. मुखवटा कसा बसवायचा, मुलाला कसे धरायचे, सिलिंडर कुठे बांधायचा. ८ ते १० जुलै ह्या तीन दिवसांत तेराही जण बाहेर आले. ज्यांचा हात आयुष्यभर बसलेला होता त्यांनी नव्या कामासाठी पुन्हा उथळ पाण्यात जाऊन सराव केला, ही गोष्ट मला ह्या सगळ्या प्रसंगात सर्वांत मोठी वाटते.

आकडे काय सांगतात तेही पाहा. अमेरिकेतल्या १९८५ ते २०१५ ह्या तीस वर्षांतल्या गुहेतल्या मृत्यूंचा अभ्यास झाला आहे. एकूण १६१ पाणबुडे गेले. त्यांतले ८७ गुहेचे शिक्षण न घेतलेले, ६७ शिक्षण घेतलेले. सुरुवातीला वर्षाला आठच्या आसपास मृत्यू होत, ते पुढे तीनच्याही खाली आले. म्हणजे शिक्षणाचा उपयोग झाला. पण त्याच काळात मेलेल्यांमध्ये शिकलेल्यांचे प्रमाण दुप्पट झाले. नेहमीचा क्रम असा : गाळ उठतो, दिसेनासे होते, वाट चुकते, हवा संपते. हे चारही टप्पे पहिल्या पायरीवरच शिकवलेले असतात. म्हणजे शिकलेल्यांना नियम माहीत होता. आपण आता कुठल्या पाण्यात उतरायला तयार आहोत, हा अंदाज काहींचा चुकला असावा, असे मला वाटते. कार्ड हा अंदाज बिघडवते, कारण त्याच्यावर तारीख छापलेली असते, सराव छापलेला नसतो. फ्लोरिडात गुहांच्या तोंडाशी पाण्याखाली पाट्या आहेत, त्यांवर कोयता घेतलेल्या मृत्यूचे चित्र आहे आणि इथून पुढे जाऊ नका, स्कूबाचे शिक्षकही अशा गुहांत मेले आहेत, अशा अर्थाचा मजकूर आहे. स्कूबाचे शिक्षकही, हे मुलीने लक्षात घ्यावे. पन्नास डाइव्ह ही चांगली सुरुवात आहे, त्याहून जास्त काही नाही.

शेक एक्सली ह्या अमेरिकन माणसाचेही नाव ह्या संदर्भात घ्यायलाच हवे. दोरी, हवा आणि खोली ह्यांचे जे नियम आज जगभर शिकवतात, ते त्याने आधीच्या अपघातांचा एकेक करून अभ्यास करून १९७९ साली एका छोट्या पुस्तकात मांडले. त्याच्याइतका सराव त्या काळी कुणाचाच नव्हता. १९९४ मध्ये मेक्सिकोतल्या साकातोन ह्या अतिखोल कुंडात तो मरण पावला. सराव माणसाला अमर करत नाही, आणि तसा दावा मी करत नाही. ज्या खोलीवर कुणीच कधी सराव केलेला नाही तिथे अनुभवी माणूसही नवशिकाच असतो.

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगतो. खर्चाची अडचण खोटी नाही. ठाण्याहून मेक्सिकोला दोनदा जायचे म्हणजे विमानाचे भाडेच घरचे अंदाजपत्रक हलवते. तरीही पहिल्या खेपेत तिने पहिल्या दोनच पायऱ्या कराव्यात. उरलेले तीनचार दिवस त्याच मर्यादेत, एकाच दोरीवर, सहाव्या हिश्शाच्या नियमाने, अनुभवी माणसाबरोबर नुसते डाइव्ह करावेत. त्या दिवसांत काहीही नवे शिकू नये. मग घरी यावे. पुढची खेप वर्षाच्या आत जमली तर उत्तम.

मधल्या काळातला सराव मात्र कोलशेतमध्ये जवळजवळ फुकट होण्यासारखा आहे. रीळ आणि दोरीचा सराव जगभरचे शिक्षक आधी जमिनीवरच घेतात. सोसायटीच्या बागेत झाडापासून झाडाकडे दोरी ताणावी, प्रत्येक झाडाला तिढा देऊन. मग डोळ्यांवर रुमाल बांधून, अंगठा-तर्जनीचे कडे करून, दोरी न ओढता एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे यावे. मधे कुणाला तरी बाणांची खूण उलटी करून ठेवायला सांगावी आणि ती बोटांना कळते का पाहावे. पुढची पायरी म्हणजे दोरी मुद्दाम सोडायची आणि डोळे न उघडता शोधायची. पाच मिनिटांनी कंटाळा येतो. तरी आठवड्यातून दोनदा करावे. शेजारी बघतील, बघू द्यावे.

तरणतलावात स्कूबाचे साहित्य नेऊ देतात का ते विचारून घ्यावे. अनेक सार्वजनिक तलावांत नेऊ देत नाहीत. तशी सोय असलेल्या प्रशिक्षण केंद्रात महिन्यातून एकदा जाऊन तरंगण्याचा सराव करावा. तळापासून अर्ध्या मीटरवर, आडवे, हात न हलवता. आधी नुसते, मग चष्मा काढून, मग डोळे मिटून जोडीदाराची हवा घेत. हे उघड्या डोळ्यांनी जमते आणि मिटल्यावर बिघडते, असे पहिल्या काही वेळा हमखास होईल. त्यासाठीच करायचे. तारकर्लीचे शिक्षक ओळखीचे असतील तर मालवणच्या समुद्रात पावसाळ्याच्या अलीकडे-पलीकडे, पाणी थोडे गढूळ असतानाचे डाइव्ह त्यांच्या सोबत मिळतील का, तेही पाहावे. नितळ पाण्यात शंभर वेळा उतरल्याने जे येत नाही ते अशा काही डाइव्हमध्ये येते. सराव वेगवेगळ्या पाण्यात झाला की तो एका जागेला चिकटून राहत नाही.

दोन गोष्टी मात्र करू देऊ नका. तरणतलावात एकट्याने श्वास रोखून धरण्याचा सराव कधीही नको. पोहण्यात तरबेज असलेली माणसे अशीच, काही कळायच्या आत शुद्ध हरपून बुडाली आहेत. आणि पणजोबांची आठवण म्हणून गढूळ पाण्याच्या सरावासाठी आपल्या खाडीत उतरणे नको. भरती-ओहोटीची ओढ, तळाचा चिखल, मासेमारीची जुनी जाळी आणि वस्ती-कारखान्यांतून येणारे पाणी, ह्यांत शिकण्यासारखे काही नाही आणि धोका मोठा आहे. पणजोबांना त्या खाडीची नस माहीत होती, होडीत दोर धरून बसलेला जोडीदार होता, आणि पोटासाठी उतरायचे होते.

शाळा निवडताना मुलीने शिक्षकाला एकच प्रश्न लिहून विचारावा : मी नऊ दिवसांनी तयार नाही असे तुम्हाला वाटले तर तुम्ही काय कराल? कार्ड देणार नाही, पुढच्या वर्षी पुन्हा या, पैसे परत मिळणार नाहीत, असे रोखठोक उत्तर आले तर त्या माणसाकडे शिकायला हरकत नाही. काळजी करू नका, आमच्याकडे सगळे पास होतात, असे उत्तर आले तर दुसरी शाळा शोधा.